एका थापेचा जावई

...आन् ह्याला म्हणं संगीत म्हणायचं! तुम्हाला सांगतो, माझं उदगीरला कापडाचं दुकान हाय, दिवसभर गिऱ्हाइकाची कटकट ऐकायची सवय हाय मला, पण नांदेडच्या त्या हॉलात जे ऐकलं ना... जाऊ द्या. मी आपला गप बसलो.

झालं काय, आमच्या स्वप्नालीला स्थळ आलं. पोरगा सोमेश, नांदेडचाच, इंजिनियर. पाहुणे म्हणले, पोहे-बिहे राहू द्या, पोरगा तालवाद्यांच्या कार्यक्रमात वाजवतो, तिथंच बगा. म्हणलं वा, तबला आसंल, मृदंग आसंल, भजनाला कामाला येतंय. कशाचं काय! एकजण पत्रा घासायलाय, एकीनं घागरीत हात घातलाय, आन् मागं काळ्या कपड्यातली मंडळी तोंडानं 'श्श... प्प... हाऽऽ' करायलीत, तिखट ठेचा खाल्ल्यागत! उमाबाई, म्हणजे आमच्या घरच्या, कानात विचारतेत, सुरू कधी व्हणार? म्हणलं, अर्धं संपलं की! तर शेजारचा दाढीवाला माझ्यावरच वसकला, म्हणं 'काका, शांतता हासुद्धा रचनेचा भाग आहे.' हे मला सांगायचं व्हय? मी तर गपच बसलो होतो!

आन् सोमेशराव कुठं? तर कोपऱ्यात, पुढ्यात हा थोरला ढोल, आन् नुसते उभे! पत्रा झाला, घागर झाली, बाया कागद फाडायल्या, हे हलंनात का बोलंनात. आता वाजवतील, मग वाजवतील... शेवटाला हात उचलला, एक थाप, धम्म! संपलं. लोक उभं राहून टाळ्या वाजवायलेत! एका थापेसाठी उदगीराहून गाडी करून आलाव आम्ही? तरी मी गप बसलो.

गाडीत मात्र सांगून टाकलं, असल्या खांबाला पोरगी द्यायची न्हाई म्हंजे न्हाई. कंधार गेलं, जळकोट गेलं, माझं आपलं चालूच. उदगीर जवळ आलं तवा स्वप्नाली म्हणली,

"अप्पा, मला हाच पायजे. जन्मल्यापासून तुमच्या घरात हाय, एवढा वेळ गप राहणारा माणूस पहिल्यांदाच बगितला."

उमाबाईनं तिथंच फोन लावून होकार कळवला. म्हणलं, अगं, मला विचारायचं तरी! तर म्हणती कशी,

"विचारणारच होते की, पण तुम्ही थांबलाव कुठं?"