गणपती दूध पेला त्या दिवशीचा चहा

दरसाली ही तारीख आली का तुमी मलेच सांगाले लावता. सांगतो, पण मधात कोणी बोलू नका.

गणपती दूध पेला, त्याच दिवशी मोर्शीचे पाहुणे अकोल्यात माह्या पोरीले पाहाले आले. पितृपक्ष होता, पण पोरगा फौजेतला, सुटी सरत आली होती. चहाचं दूध गंजात होतं. शेजारचा बाबाराव आला अन् गंजच उचलून निघाला.

"अरे, घरात पाहुणे बसले!"

"पाहुणे थांबतीन. देव थांबन का?"

साऱ्या जठारपेठेत दूध भेटलं नाही. पोरीनं कोरा चहा आणला. आमच्याकडं असा चहा मयतीच्या घरी देतात. मले वाटलं, गेली सोयरीक.

पोराच्या बापानं कपात पाहिलं. "कोण वारलं?"

पोरगीच बोलली, "कोणी नाही, मामाजी. दूध देवानं पेलं."

तो खो-खो हासला. "अजून सून नाही केली, अन् मी मामाजी झालो!" कप रिकामा केला अन् लग्न पक्कं.

मरेपर्यंत तो इवाही माह्या घरी कोराच चहा मांगे. लय आठवण येते त्याची.

अन् हा इथंच बसून दुधाचा चहा फुरकून राहिला. माफी अजून नाही मांगितली बाबारावानं.