बावीस वर्षांची टेप

(वायरमनच्या लायसन्स-नूतनीकरणाचा वर्ग सुटला आहे. बाई टेबलावरच्या वह्या आवरत आहेत. मागच्या बॅचमधला एक वायरमन दारात उभा आहे.)

बाई: सर्टिफिकेटवर नाव चुकलं असेल तर खाली ऑफिसात सांगा, काका. ते माझ्या हातात नसतं.

वायरमन: नाव बरोबर आहे. लायसन्सही झालं पुढच्या पाच वर्षांसाठी. मी दुसऱ्याच कामाला आलोय. बसू का दोन मिनिटं?

बाई: बसा ना. फक्त पुन्हा भांडायचं असेल तर आधी सांगा, म्हणजे मी पाणी पिऊन घेते.

वायरमन: भांडायला तोंड कुठे राहिलंय मला. पहिल्या दिवशी चारचौघांत काय बोललो होतो, आठवतं?

बाई: 'तुमचं जेवढं वय, त्याहून जास्त वर्षं मी वायरी ओढतोय. तुम्ही मला काय नियम शिकवणार?' सगळा वर्ग हसला होता.

वायरमन: तुम्ही हसलाही नाहीत आणि चिडलाही नाहीत. एवढंच म्हणालात की एकेक नियम कोणाच्या तरी घरी काहीतरी घडल्यावर लिहिलेला असतो. मी तोंड वाकडं करून मागच्या बाकावर जाऊन बसलो. तिथे झोपलोही, खोटं कशाला बोलू.

बाई: माहीत आहे. घोरत होतात.

वायरमन: चौथ्या दिवशी मात्र झोप उडाली. तुम्ही म्हणालात, आपल्या हातचं असं एक बोर्ड आठवा, जे आज कोणी उघडलं तर आपल्याला लाज वाटेल. कोणाचं ते सांगू नका, नुसतं आठवा.

बाई: दर बॅचला विचारते मी ते. सगळे मान खाली घालतात, मग हळूच मोबाइल काढतात.

वायरमन: मला आठवावंही लागलं नाही. वहिनीच्या घरचं बोर्ड डोळ्यांपुढे उभं राहिलं.

बाई: सख्खी वहिनी?

वायरमन: थोरल्या भावाची बायको. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. वहिनी घरात आली ती माझी आई होऊनच. मी शाळा सोडली तेव्हा सगळे मला नावं ठेवत होते. हिनेच हाताला धरून वायरमनच्या कोर्सला नेऊन बसवलं. आता भाऊ नाही, ती एकटीच असते. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी घर घेतलं, त्याचं वायरिंग मी केलं. दुसऱ्या दिवशी सामान यायचं होतं आणि बाथरूमपाशी हिरवी वायर संपली.

बाई: अर्थिंगची?

वायरमन: तीच. करंट बाहेर फुटला तर त्याला जमिनीत जायला वाट देणारी. म्हटलं, उद्या येऊन जोडतो. टोकाला टेप गुंडाळली आणि झाकण लावलं. तो उद्या काही उजाडला नाही.

बाई: तुम्ही विसरलात?

वायरमन: विसरलो असतो तर बरं झालं असतं. पहिली काही वर्षं आठवायचं. जेवायला गेलो की त्या भिंतीकडे नजर जायची, आणि मग वाटायचं, चाललंय ना सगळं नीट. पुढे नजर जाणंही बंद झालं.

बाई: मग?

वायरमन: तुमच्या वर्गानंतरच्या रविवारी हत्यारं घेऊन गेलो. तिला वाटलं जेवायला आलोय. बोर्ड उघडलं तर टेप तशीच. माझ्या हाताची घडी मी ओळखतो. आधी अर्थिंग जोडलं. मग तुम्ही सांगितला तो ब्रेकर बसवला, करंट गळला की आपोआप पडणारा. बटण दाबून तपासलाही. चोख होता. मग त्याच बोर्डावरचं कपडे धुण्याचं मशीन सुरू केलं आणि ब्रेकर खाली. पुन्हा वर केला, पुन्हा खाली. मी ब्रेकरलाच शिव्या घातल्या.

बाई: दोष मशीनमध्ये होता.

वायरमन: हो. पण ते मला वहिनीने सांगितलं. मशीनपुढे एक लाकडी फळी असते. मला वाटायचं, पाय भिजू नयेत म्हणून ठेवली असेल. ती अगदी सहज म्हणाली, 'मशीन जरा चावतं रे, हात लावला की झिणझिण्या येतात. वर्ष झालं. फळीवर उभं राहिलं की नाही चावत.'

बाई: वर्षभर? आणि तुम्हाला बोलल्या नाहीत?

वायरमन: मीही तेच विचारलं. म्हणाली, 'तुझ्या हातचं काम. बोलले असते तर मनाला लावून घेतलं असतंस.'

बाई: काका, ती फळी एखाद्या दिवशी ओली असती तर…

वायरमन: पुढचं बोलू नका. ते तुम्हीच शिकवलंय मला. मी तिथेच खाली बसलो. टेप तिच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. वाटलं, आता दोन शब्द ऐकवेल. ऐकवायला हवे होते. तिने टेप उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, 'हे आता कुणी शिकवलं तुला?' मी तुमचं सांगितलं. म्हणाली, 'मग जाऊन सांग त्यांना. शिकवणाऱ्याला आपलं कुठवर पोचलं ते कधी कळत नाही.'

बाई: (हातातल्या वह्या पुन्हा टेबलावर ठेवतात.)

वायरमन: रागावलात का?

बाई: नाही हो. गेल्या सोमवारीच साहेबांना लिहून दिलं होतं, हा वर्ग दुसऱ्या कोणाला द्या. लोक सहीपुरते येतात. मला वाटायला लागलं होतं, मी भिंतीशी बोलते.

वायरमन: भिंतीशीच बोलत होतात. पण भिंतीतूनच वायरी जातात ना, बाई.

बाई: वहिनींना माझा नमस्कार सांगा. आणि मशीन?

वायरमन: दुरुस्त करून दिलं. आता तिच्या घरचा प्रश्न नाही, माझ्या बाकीच्या कामांचा आहे. जुन्या कामांची आठवून आठवून यादी केली. एकोणीस घरं निघाली. तीन झाली. दोन ठिकाणी सगळं ठीक होतं, तिसऱ्या घरी बरं झालं गेलो.

बाई: लोक काय म्हणतात?

वायरमन: विचारतात, काय चुकलं होतं? मी सांगतो, तपासायचं राहिलं होतं. चहा देतात.

बाई: एक सांगू? मी आधीची सगळी वर्षं वायरिंगचे नकाशे काढले, मग इथे शिकवायला लागले. लोकांच्या राहत्या घरातलं जुनं बोर्ड मी स्वतः कधी उघडलेलं नाही.

वायरमन: मग चौथ्या घरी चला. हत्यारं माझी, नियम तुमचे.

बाई: चालेल त्यांना?

वायरमन: माझ्या वर्गाच्या बाई आहेत म्हणून सांगेन.

बाई: किती वाजता येऊ?

वायरमन: सकाळी लवकर या. काम चालू असताना घराचा मेन स्विच बंद ठेवावा लागतो, खिडकीतून येईल तेवढाच उजेड.