उजळ केलेली राणी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या स्टुडिओचे मालक, माननीय मोठे साहेब. व्यासपीठावरचे वितरक पाहुणे. सत्कारमूर्ती, आमच्या रंगखात्याच्या प्रमुख ताई. संकलन, ध्वनी आणि रंग खात्यांतले माझे सोबती. आणि पहिल्या रांगेत आईला बिलगून बसलेली आपल्या चित्रपटातली छोटी राणी, सर्वांना माझा नमस्कार.

ताईंविषयी चार शब्द बोल, असं मला सांगितलं गेलं. चारच बोल, असंही सांगितलं गेलं. पण ज्यांनी अठरा वर्षं शेजारी बसवून मला रंग ओळखायला शिकवलं, त्यांची बोळवण चार शब्दांत कशी करू? साहेब, आपल्या परवानगीने थोडं लांबवतो.

ताईंची एक रीत आहे. नवा चित्रपट हाती आला की नटांचे चेहरे त्या आधी उन्हात बघून घेतात. या राणीलाही त्यांनी गच्चीत उभं केलं आणि मला म्हणाल्या, "नीट बघून ठेव. हा रंग तुला मशीन सांगणार नाही." मी बघितला होता. तेव्हा पुढे जे केलं ते अजाणतेपणी केलं, असं म्हणायला मला तोंड नाही.

आपला चित्रपट मुलांसाठीचा, परीकथेचा. त्यात घोडे उडतात, झाडं बोलतात. घोडा कसा उडाला, असं कुणी विचारलं का? पण सावळी पोर राणी झाली, की लगेच लोकांना पटेल का, याची काळजी! वरून निरोप आला, पोरीला जरा उजळ करा. ताईंनी साफ नकार दिला. मग त्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर गेल्या आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. खोटं कशाला बोलू? पडलं नाही, मी मागून घेतलं. ताईंच्या खुर्चीवर माझा डोळा होता.

सातशे बारा शॉट. प्रत्येकात चेहऱ्याभोवती रेघ आखायची आणि आतला रंग उजळायचा. मी चेहरा केला, मान केली आणि हात विसरलो. आम्हा रंगवाल्यांची नजर चेहऱ्याखाली जातच नाही.

चाचणी खेळाला ही राणी आईबरोबर आली. वादळाच्या प्रसंगात ती दोन्ही हातांनी तोंड झाकते. तो शॉट आला तशी ती म्हणाली, "आई, हात माझेच आहेत. मग चेहरा कुणाचा लावलाय?" आई म्हणाली, "गप्प बस." मी मागच्याच रांगेत होतो. मला शरम वाटली, आजही वाटते.

ताई परतल्या आणि नऊ दिवस बसून त्यांनी सगळे शॉट पूर्ववत केले. दहाव्या दिवशी त्यांच्या हातात निवृत्तीचं पत्र पडलं, मुदतीच्या दोन वर्षं आधी. बाहेरच्या फलकावर 'स्वेच्छानिवृत्ती' लिहिलंय. कुणाची स्वेच्छा, ते लिहायचं राहिलं.

टाळ्या नकोत, माझं बोलणं संपलेलं नाही.

आज सकाळी साहेबांनी मला बोलावून ताईंची खुर्ची दिली. मग म्हणाले, "तुझी जुनी प्रत काढ. चूक हातांचीच होती ना? मग हातही उजळ कर आणि आज पाठवून दे." वितरक पाहुणे, आपण तिथेच होता. आपण मान हलवलीत. मीही हलवली.

साहेब, प्रत चार वाजता गेली. थिएटरांची पोचही आली. ती ताईंची प्रत आहे. परत मागवायची तर प्रत्येक थिएटरला कारण सांगावं लागेल. ते आपण सांगावं, माझ्याच्याने होणार नाही. ताईंची खुर्चीही मला नको.

हॉल दिल्याबद्दल व्यवस्थापकांचे आभार. मघापासून खुणा होत असूनही माइक चालू ठेवणाऱ्या ध्वनीखात्याच्या मित्राचे विशेष आभार. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर ताई, मोठ्या मनाने पोटात घाला.

आणि बाळ, तुझी माफी वेगळी मागतो. तुझा चेहरा मी पुसला होता. शुक्रवारी आईला घेऊन जा, आणि पडद्यावर तूच आहेस ना, ते नीट बघ.