गोणीतला पाला

(पनवेल, २०१९. वकील कोमल यांचं ऑफिस. समोर प्रणित आणि त्याची आई हौसा.)

प्रणित : म्हणजे जाळणार नाहीत ना, मॅडम? परत एकदा सांगा.

कोमल : नाही जाळणार. कंटेनर सोडला तिकडच्या बंदरावरच्या अधिकाऱ्यांनी. तुमचा सगळा सुका जवळा उद्या बंदराबाहेर पडेल.

हौसा : आई माऊली पावली गं बाय! शेव्याच्या बंदरात कंटेनर बोटीवर चढला तवा नारल फोडलेला मी. आनि मंग ही जालनार म्हनून बातमी. सत्यवतीला, गंगाबाईला तोंड दाखवत नव्हती. माज्या शब्दावर हंगामाचा जवला दिला त्यांनी. उरनच्या बाजारात नेऊ नका बोलली मी, माजा प्रणित परदेशात धाडतो बोलली.

प्रणित : आता का रडतेस?

हौसा : रडू दे रे. महिनाभर रडायला पन जमलं नाय. मॅडम, केस जिंकलीत तुमी?

कोमल : केस केलीच नाही, मावशी. त्यांच्या नियमाविरुद्ध तक्रार करायची तर ती आपल्या सरकारने, डब्ल्यूटीओत, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेत. तिथे तुम्हाला-मला उभं करत नाहीत. आणि तिथलं अपिलाचं कोर्ट आता बंद पडायला आलंय. अमेरिका नवे न्यायाधीश नेमूच देत नाही.

हौसा : आमच्या गावकीत पन तसंच. एक रुसला का बैठक नाय.

प्रणित : आई!

कोमल : अहो, अगदी तसंच आहे. म्हणून मी भांडलेच नाही. त्यांचाच नियम त्यांना दाखवला. जेवढा धोका, तेवढाच उपाय करा. जवळ्यात दोष नाही ना, मग तो का जाळता? पाला तेवढा काढून जाळा, गोणी बदला.

हौसा : पाला? कसला पाला?

प्रणित : मॅडम, चहा सांगू का?

हौसा : गप बस. कसला पाला, मॅडम?

कोमल : कडुलिंबाचा. गोणीगोणीत निघाला. बाहेरच्या देशातलं पान आलं की त्याबरोबर कीड येईल, अशी भीती असते त्यांना. आणि कागदावर तर नुसता जवळा होता... यांना माहीत नाही का, प्रणित?

हौसा : मीच घातला तो. गोनी शिवायच्या आदी मूठमूठ. कीड लागू नये म्हनून! घरी पन घालतोच की आमी. आनि तू तर बोललास, कागद चुकला?

प्रणित : मग काय सांगू? खरं सांगितलं असतं तर अन्न सोडलं असतंस तू.

हौसा : तसं पन कुटं गिलत होतं?

प्रणित : बघत होतो ना मी रोज तुझं ताट.

हौसा : माज्या हातानं घातला रे मी... आनि तू एकटा ऐकून घेत बसलास.

कोमल : झालं गेलं, मावशी. पुढच्या वेळी पाला नको, एवढंच.

हौसा : नाय बाय, नाय! शप्पत घालते सगल्या बायकांना. प्रणित, पिशवीतून डबा काढ. मॅडम, तुमी पन या. भाकरी हाय आनि जवलाच हाय. आज भूक लागली मला.

कोमल : वाढा.

हौसा : पन काय रे, घरच्या तांदलाच्या पिपात पन पाला हाय. तो काढून टाकू?

प्रणित : राहू दे तो. ते तांदूळ आपल्यालाच खायचेत. तू आधी जेव.