रहाटेशेठची पाखाडी

रत्नागिरी एसटी स्टँड, पुण्याच्या रिझर्वेशनची रांग. माझ्यापुढे एक निवृत्त गुरुजी आणि त्यांच्या ओळखीच्या मालिनीताई.

“तुमच्या ऋजुताची कंपनी सर्व्हरची यंत्रं बनवते ना?”

“हो गुरुजी. पण ही लिनक्सचं काम करते. ते सॉफ्टवेअर साऱ्या जगाला फुकट.”

“पगार देऊन फुकट वाटायला लावतात? दानशूरच म्हणायचे.”

“तसंच काहीसं.”

“कसलं तसंच. आमच्या वाडीत रहाटेशेठनं पायऱ्यांची पाखाडी बांधली. सिमेंट त्याचं. चिरे आम्ही वाहिले, तीन रविवार. सगळ्यांना खुली. पण वर जाते कुठे?”

“कुठे?”

“त्याच्या दुकानाच्या दारात. आधी लोक साखर नाक्यावरून आणायचे.”

“म्हणजे ऋजुताचं काम...”

“सिमेंट. सॉफ्टवेअर फुकट, पण ते चालतं यंत्रावर. यंत्र कोण विकतं?”

“आणि कंपनीबाहेरची माणसंही लिनक्ससाठी फुकट राबतात, त्यांना हे कळत नाही?”

“न कळायला काय झालं? येत्या रविवारी पाखाडीची डागडुजी आहे.”

“तुम्ही नाही ना जाणार?”

“जाणार तर. दुकान त्याचं असलं, तरी गुडघे माझे आहेत.”