गोट्या धुवायच्या नाहीत

बेसिनशेजारच्या हिरव्या संगमरवरावर तो पांढरट डाग कसला, विचारलंत ना? सांगतो, चहा घ्या.

मी हॅमिल्टनला मुलाकडे नुकताच आलो होतो. नात ईरा सात वर्षांची. मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीत, आणि मला इंग्रजी येत नाही. गावाहून आणलेल्या गोट्या आम्ही खेळायचो, तेही न बोलताच.

सून नर्स, ड्यूटीवरून दमून येणार. म्हटलं, बाथरूम घासून ठेवू. बाटल्यांवर सगळं इंग्रजी. एक उचलून ईराला विचारलं, "बाळा, काय लिहिलंय?"

तिने बराच वेळ वाचलं. मग एकेक शब्द जुळवत म्हणाली, "आजोबा, याने गोट्या धुवायच्या नाहीत."

"गोट्या कोण धुतंय, राणी?" म्हणत मी टाइल, नळ, संगमरवर, सगळं त्यानेच घासलं.

संध्याकाळी सुनेने संगमरवरावरचा डाग पाहिला, बाटली वाचली आणि हसत खालीच बसली. इंग्रजीत गोटीही मार्बल आणि संगमरवरही मार्बल.

मुलगा म्हणाला, "बाबा, पॉलिश करून घेऊ."

मी म्हटलं, "राहू दे रे. पोर माझ्याशी पहिल्यांदा मराठीत बोलली, त्याची खूण आहे ती."