पाठमोरा

...नाही, 'अप्रतिम' या शब्दावर माझा राग नाही, शब्द चांगला आहे, छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रितं तपासली मी, शब्दावर कशाला रागावू? पण तुम्हाला सांगतो, आमच्या त्या फोटोंच्या ग्रुपवर दिवसातून साठ वेळा अप्रतिम येतं. एकोणचाळीस सभासद, सगळे निवृत्त, बहुतेकांना मुलांनी कॅमेरे घेऊन दिलेले, म्हणजे कसं, आईबाबा गुंतून राहतील. सकाळी उठल्याबरोबर एक जण फूल टाकतो, दुसरा त्याच फुलावरची माशी टाकतो, आणि खाली अंगठे, अप्रतिम, अंगठे, अप्रतिम... अहो, एकदा माझ्याकडून चुकून न्हाणीघरातल्या बादलीचा फोटो गेला. अर्धीच बादली, तीही हललेली. पाच मिनिटांत सात अप्रतिम, आणि एकाने लिहिलं, 'काय प्रकाश पकडलाय.' तेव्हाच म्हटलं, टाकतात सगळे, पण बघतं कोण?

मी बघायचो. सवय हो. एकाने सूर्यास्त टाकला, मी लिहिलं, 'सूर्यास्त छान, फक्त उजव्या कोपऱ्यात कोणाचं तरी कोपर आलंय.' झालं. दहाव्या मिनिटाला हेडबाईंचा फोन. हेडबाई म्हणजे ग्रुप चालवतात त्या, मुख्याध्यापिका होत्या, आवाज अजून वर्गातलाच. 'हे पाहा, इथे लोक विरंगुळ्याला येतात. चुका काढायच्या असतील तर घरी काढा.' आता घरी कोणाच्या काढू? घरी मी एकटा. आमची ही जाऊन चार वर्षं झाली. मुलगी लांब असते, रविवारी फोन करते, 'बाबा, दिवसभर ग्रुपवर असता ना, मग एकटं कसं वाटेल तुम्हाला?' म्हटलं, नाही गं, छान चाललंय, कालच सात जणांनी बादली वाखाणली.

तर एका बुधवारी डॉक्टरांनी फोटो टाकला. डॉक्टर म्हणजे दातांचे, दोन वर्षांपूर्वी दवाखाना बंद केलेले, अतिशय अबोल माणूस. चाळीस वर्षं समोरच्याचं तोंड कायम उघडं, त्यामुळे कोणी उत्तर देईल ही आशाच सुटली असावी त्यांची. फोटो काय, तर तळं, तळ्याकाठी बाक, बाकावर एक म्हातारा, पाठमोरा, मान खाली. नाव दिलं होतं, 'एकाकी'.

काय सांगू तुम्हाला, ग्रुप नुसता उचंबळला. हेडबाईंनी लिहिलं, 'पाठीतून चेहरा दिसतो.' एका निवृत्त पोस्टमास्तरांनी लिहिलं, 'कोणाच्या आठवणीत बुडाला असेल बिचारा?' छत्तीस अंगठे. माझ्या फोटोंना कधी पाचावर गेले नाहीत, बादली सोडून. म्हटलं आपणही देऊन टाकू एक, आणि सवयीने फोटो बोटांनी मोठा केला, कुठे कोपर-बिपर आलंय का बघायला... आणि स्वेटरपाशी थांबलो. राखाडी स्वेटर, उजव्या खांद्याखाली एक टाका सुटलेला.

अहो, मीच होतो तो.

तो स्वेटर हिने विणलेला. घालायला दिला तेव्हाच म्हणाली होती, 'एक टाका सुटलाय, पण मागे आहे, तुम्हाला थोडाच दिसणार?' मी म्हटलं, जगाला दिसेल की. तर म्हणाली, 'जग कुठे तुमची पाठ बघत बसलंय?' अकरा वर्षं तो स्वेटर धुतोय, वाळत घालतोय, घडी करतोय, पण तो टाका मी कधी शोधला नाही. सगळ्यांच्या चुका काढल्या, ती एक मुद्दाम काढली नाही. आणि आता दंतवैद्याच्या कृपेने समोर आला. मोठा करत गेलो, मोठा करत गेलो, शेवटी नुसते करडे ठिपके उरले.

मग मात्र राग आला. एकाकी म्हणे. मी कॅमेऱ्यात बॅटरी घालत होतो हो. उलटी घातली, अडकली, नखाने उकरून काढत होतो, म्हणून मान खाली. बरं, बॅटरी निघाल्यावरही बसून राहिलो हे खरं, घरी जाऊन तरी काय करायचं होतं... पण ते यांना काय माहीत? आणि हे छत्तीस जण दर महिन्याच्या बैठकीला खुर्चीला खुर्ची लावून बसतात माझ्या, एकाने तरी ओळखावं? टाकतात सगळे, पण बघतं कोण?

पुढे ग्रुपचं प्रदर्शन भरलं, वाचनालयाच्या सभागृहात, आणि 'एकाकी' बरोब्बर मधोमध, दाराएवढा मोठा करून. मी गेलो. तोच स्वेटर घालून गेलो, मुद्दाम. फोटोसमोर जाऊन उभा राहिलो, सगळ्यांकडे पाठ करून. म्हटलं, घ्या, समोर फोटो, इथे मी, आता तरी कोणाच्या लक्षात येईल. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मागून एक बाई म्हणाल्या, 'आजोबा, जरा बाजूला होता का? फोटो दिसत नाहीये.'

झालो बाजूला. काय करणार?

तेवढ्यात डॉक्टर आले. फोटोकडे बघितलं, माझ्या पाठीकडे बघितलं, परत फोटोकडे. पुढे होऊन तो टाका बोटाने हळूच चाचपला, माझ्या पाठीवरचा. म्हणाले, 'हा...'

म्हटलं, 'बायकोने विणलाय.'

'म्हणजे तुम्ही?'

'मीच. आणि बॅटरी घालत होतो.'

मग खाली बघून म्हणाले, 'तुम्ही आहात हे माहीत नव्हतं मला. अर्धा तास झाडामागे उभा होतो. मीही एकटाच आलो होतो. येऊन बसावंसं वाटलं होतं शेजारी, बाकावर जागाही होती. पण बसलो असतो तर फोटो गेला असता.'

पंधरा पावलांवर हो. एक म्हातारा बॅटरीशी झगडतोय, दुसरा झाडामागे श्वास रोखून उभा आहे, आणि मधे अर्ध्याहून जास्त बाक रिकामा.

तेव्हापासून दर मंगळवारी आम्ही त्या बाकावर बसतो. बोलणं फारसं होत नाही. मी माझे फोटो दाखवतो, ते चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघतात आणि 'हं' म्हणतात. अप्रतिम म्हणत नाहीत, एवढं पुरे.

गेल्या मंगळवारी मात्र फोटो सोडून माझ्या चेहऱ्याकडेच बघत राहिले. मला वाटलं, आता समोरून काढतात की काय, म्हणून जरा हनुवटी वर केली, हसलो. तर म्हणाले, 'तोंड उघडा.' उघडलं. हनुवटी धरून उन्हाकडे वळवलं, इकडून बघितलं, तिकडून बघितलं, चांगली पाच मिनिटं. तळ्यावर फिरायला आलेले लोक थांबून बघत होते, पण यांचं लक्ष नाही. शेवटी म्हणाले, 'खालची डावी दाढ काढावी लागेल. ओळखीच्या डॉक्टरांकडे मी स्वतः घेऊन जाईन, शेजारी थांबेन.'

दुखत नाही हो मला ती. अजिबात नाही. पण इतक्या वर्षांत इतकं निरखून कोणी... म्हटलं, काढू या. तोंडात अजून बावीस आहेत. पुरवून पुरवून दाखवीन.